अल-बूनी : जादूगार की साधक?

अरबी जादूचा सर्वांत गाजलेला ग्रंथ म्हणजे 'शम्स अल-मआरिफ'. तो अहमद अल-बूनी यांच्या नावावर आहे. अल-बूनी हे सूफी साधक, आजच्या अल्जिरियातल्या बूना गावचे. ट्युनिसला ते अल-महदवींकडे शिकले. प्रसिद्ध इब्न अरबीही त्याच गुरूंचे शिष्य. १२२५ मध्ये अल-बूनी कैरोत शिकवत होते. ईश्वराची नावे, अक्षरे आणि आकड्यांचे चौकोन ही त्यांची साधना. आम्हा संगणकवाल्यांना चौकोनात आधी सारखी बेरीज दिसते. त्यांना त्यात सृष्टीची रचना दिसे. चौदाव्या शतकात इब्न खल्दून यांनी या विद्येला जादूत जमा केले. अल-बूनींनी या नावाचा छोटा ग्रंथ लिहिला होता. पण आज छापून मिळणारा जाडजूड ग्रंथ सतराव्या शतकात दिसू लागतो. ज्या पुस्तकामुळे ते जादूगार ठरले, ते त्या रूपात त्यांचे नव्हतेच!