डॉ. व्हिएगस आणि प्लेगची ओळख

सन २०२४ मध्ये जालन्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही आपल्या जिल्ह्यास मोठ्या आनंदाची गोष्ट होय. आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांतून आता डॉक्टर होण्याची भाषा ऐकू येते. मात्र पदवीनंतर ग्रामीण केंद्रात काढावयाचे आठवडे कसे टाळता येतील, हेही काही पालक आम्हांस विचारतात. त्यांच्यासाठी आम्ही डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांचे चरित्र थोडक्यात सांगतो.

त्यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजी गोव्यातील हडफडे गावी झाला. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून ते १८८० साली पदवी घेऊन बाहेर पडले व मांडवी भागात त्यांनी व्यवसाय मांडला. पुढे ते म्युनिसिपालिटीचे सभासदही झाले.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मांडवीत तापाने माणसे दगावू लागली. धान्याच्या वखारींत उंदीर मरून पडत होते. ताप मुंबईस नवा नव्हता. मृत्यूच्या नोंदीही निरनिराळ्या तापांच्या नावांनी होत गेल्या. व्हिएगस यांनी मात्र रोग्याच्या जांघेतील व काखेतील गाठीवरून रोग ओळखला. प्लेग हा त्या पिढीच्या मुंबईकर डॉक्टरांना केवळ पुस्तकातून ठाऊक होता. हाँगकाँगला दोनच वर्षांपूर्वी त्याची साथ येऊन यर्सिन यांनी त्याचा जंतू शोधला होता, एवढेच काय ते ताजे ज्ञान. २३ सप्टेंबर रोजी त्यांनी स्थायी समितीपुढे हा प्लेगच असल्याचे सांगितले. बंदराचा व्यापार बसेल या भीतीने पुष्कळांस ही वार्ता नकोशी होती. निदान चुकले असते तर त्यांचे नाव व व्यवसाय दोन्ही बुडाले असते. इतर तज्ज्ञांच्या तपासणीअंती ते खरे ठरले. यानंतर हाफकिन मुंबईस आले, जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि व्हिएगस यांनी स्वहस्ते सुमारे १८,००० लोकांस ती टोचली. तरीही पुढील काही दशकांत या रोगाने देशात एक कोटीहून अधिक बळी घेतले. पुण्यास रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी त्यातच निवर्तल्या.

ही शंभर वर्षांपूर्वीची कथा झाली, असे कोणी म्हणेल. परंतु १९९४ साली आम्ही अंबड तालुक्यात शिक्षक असताना गोदावरीपलीकडे, बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळल्याचे जाहीर झाले. १९६६ नंतर देशात माणसांत त्याची नोंद नव्हती. म्हणजे तरुण डॉक्टरांना तो पुन्हा पुस्तकातलाच रोग झाला होता. आमचा निम्मा वर्ग कित्येक दिवस रिकामा होता. घरात उंदीर मेला, हे खेड्यातील रोगी आपण होऊन सांगत नाही. ते विचारावे लागते. लाजेने जांघेतील गाठही तो झाकून ठेवतो. कोणत्या रोग्यास काय विचारावे, हे खाटेजवळ बसल्यावाचून कळत नाही, असे आमचे मत आहे. आम्ही स्वतः वैद्य नव्हे. पण वर्गात गप्प बसलेल्या मुलाचे दुखणे ओळखण्यात आमची उभी हयात गेली.

व्हिएगस १९०६ साली मुंबई कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले व १९३३ साली निवर्तले. धोबीतलावास मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळा आहे. गतवर्षी आम्ही तो पाहावयास गेलो. शेजारी बसची वाट पाहत उभ्या असलेल्या दोघां-तिघांस हा कोणाचा पुतळा म्हणून विचारले. कोणासच सांगता आले नाही.