ताम्रपटावरील साक्ष

राजदरबारचे वेतन घेणाऱ्या कलावंताने सत्तेविरुद्ध साक्ष द्यावी, अशी उदाहरणे इतिहासात विरळाच. स्पेनचा चित्रकार फ्रान्सिस्को गोया हे त्यांपैकी एक.

आरागॉन प्रांतातील फुएन्देतोदोस या खेड्यात १७४६ साली त्याचा जन्म झाला. कुंचल्याच्या बळावर तो माद्रिदच्या राजवाड्यात पोचला. १७९२-९३ च्या दुखण्यात त्याला कायमचे बहिरेपण आले. कान मिटले, दृष्टी मात्र अधिक तीक्ष्ण झाली आणि हा राजचित्रकार अम्लरेखनाकडे नव्या निष्ठेने वळला.

तांब्याच्या पत्र्यावर मेणराळेचा लेप द्यायचा, सुईने तो खरवडून चित्र काढायचे, मग पत्रा आम्लात बुडवायचा. उघड्या पडलेल्या रेषा आम्ल खाते. त्या खाचांत शाई भरून ओलसर कागद यंत्राखाली दाबला की ठसा उमटतो. तैलचित्र एकाच धन्याच्या भिंतीवर राहते. ठसे घरोघर जातात. सत्तेला या कलेचे भय वाटते ते याचसाठी.

१७९९ साली त्याने ‘काप्रिचोस’ ही ८० ठशांची माला विक्रीस काढली. धर्माधिकाऱ्यांचा दंभ, सरदारांचा मूर्खपणा, लोकांची अंधश्रद्धा, कोणीही त्यातून सुटले नाही. ती लवकरच मागे घ्यावी लागली आणि १८०३ साली त्याने ते पत्रे राजाच्या स्वाधीन केले.

१८०८ साली नेपोलियनच्या फौजांनी स्पेन व्यापला. १८१० पासून गोयाने युद्धाच्या अनर्थांची माला कोरावयास घेतली. तीत फ्रेंच शिपायांच्या कत्तली आहेत, तसेच स्वदेशीय जमावाचे क्रौर्यही आहे. १८१४ साली परतलेल्या राजाने राज्यघटना मोडली आणि इन्क्विझिशन पुनरुज्जीवित केले. आमच्या गोमंतकात ते १८१२ साली संपले होते. त्याचा जाच काय असतो हे येथे सांगावयास नको. १८१५ साली त्या न्यायासनाने एका नग्नचित्रावरून गोयालाही पाचारण केले.

तो निष्कलंक वीर नव्हता. परकीय राजाचे मानचिन्हही त्याने स्वीकारले होते. युद्धाची ती माला त्याने हयातीत प्रसिद्ध केली नाही. १८२४ साली तो फ्रान्समध्ये गेला आणि १८२८ साली बोर्दो येथे निवर्तला. पुढे ३५ वर्षांनी, १८६३ साली, माद्रिदच्या सान फेर्नान्दो अकादमीने त्या मालेचे ८० ठसे प्रसिद्ध केले.

शत्रूचे अत्याचार कोणीही रंगवितो. आपल्या पक्षाचे हातही रक्ताने माखतात, हे नोंदविण्यास अधिक धैर्य लागते. मुक्तिलढ्यांचे इतिहास लिहिणाऱ्या आम्हा सर्वांना गोयाचे ते काळे ठसे हाच प्रश्न विचारीत आहेत.