आईचा दोष नव्हताच!

मूल तीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, असं दिसलं की पहिला प्रश्न आईलाच विचारला जातो. नोकरीपायी दुर्लक्ष झालं का, टीव्हीपुढे बसवून ठेवलंस का, डोहाळे नीट पाळले नाहीस का? मैत्रिणींनो, आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याची ही खोड फक्त आपल्याकडची नाही बरं का! एकेकाळी अमेरिकेतल्या नामवंत डॉक्टरांनीही तेच केलं. आणि त्यात खुद्द ‘ऑटिझम’ म्हणजे स्वमग्नतेची जगाला ओळख करून देणारे डॉ. लिओ कॅनरही होते.

कॅनर यांचा जन्म १८९४ सालचा. तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातल्या, आज युक्रेनमध्ये असलेल्या एका खेड्यातलं हे ज्यू कुटुंब. तरुण लिओला व्हायचं होतं कवी, पण झाले डॉक्टर. बर्लिनमध्ये शिकून १९२४ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि साउथ डकोटातल्या मनोरुग्णालयात रुजू झाले. पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये १९३० साली त्यांनी लहान मुलांच्या मानसिक तक्रारींसाठी खास विभाग उभा केला. १९३५ मध्ये या विषयावर जाडजूड पाठ्यपुस्तक लिहिलं. हिटलरच्या छळातून सुटू पाहणाऱ्या अनेक ज्यू डॉक्टरांना अमेरिकेत आणायलाही त्यांनी मदत केली. १९४१ साली तर त्यांनी चक्क आयांची बाजू घेणारं पुस्तक लिहिलं. तज्ज्ञांच्या सल्ल्यांना घाबरून जाऊ नका, असा धीर देणारं!

याच सुमारास त्यांच्याकडे एक वेगळाच मुलगा आला होता. मिसिसिपी राज्यातला पाच वर्षांचा डोनाल्ड. त्याच्या वडिलांनी मुलाबद्दल तेहतीस पानी पत्र टाइप करून पाठवलं होतं. डोनाल्डला माणसांपेक्षा गोल फिरणाऱ्या वस्तू प्रिय होत्या. तो तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायचा, स्वतःला ‘तू’ म्हणायचा. ठरलेल्या क्रमात जरा बदल झाला की आकांत मांडायचा. पण आकड्यांची आणि पाठांतराची त्याची स्मरणशक्ती थक्क करणारी होती. अशी आणखी मुलं भेटत गेली. १९४३ मध्ये कॅनर यांनी अकरा मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. आठ मुलगे, तीन मुली. त्यातल्या पाच जणांची डोकी जरा मोठी आहेत, हेही त्यांनी बारकाईने टिपलं. ही मुलं जन्मतःच अशी असावीत, असा निष्कर्षही मांडला.

पण त्याच लेखात या मुलांचे आईवडील फारसे मायाळू वाटले नाहीत, असंही लिहून गेले. १९४९ च्या लेखात त्यांनी या घरांची तुलना फ्रिजशी केली. झालं! इतरांनी तोच धागा पकडून ‘फ्रिजसारखी थंड आई’ असा शिक्काच तयार केला. कितीतरी आयांनी स्वतःला दोष देत आयुष्य काढलं. आजारी मुलाची काळजी करायची की स्वतःचा गुन्हा शोधत बसायचं?

अखेर १९६९ मध्ये पालकांच्या संघटनेच्या सभेत वृद्ध कॅनर यांनी आईवडिलांना जाहीरपणे निर्दोष ठरवलं. मोठ्या माणसाने असं सर्वांसमोर म्हणणं सोपं नसतं. १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये जुळ्या मुलांचा अभ्यास झाला. एका जुळ्याला स्वमग्नता असेल तर हुबेहूब जुळ्यांच्या अकरापैकी चार जोड्यांत दुसऱ्यालाही ती होती. साध्या जुळ्यांच्या दहा जोड्यांत मात्र एकातही नाही. कारण जनुकांमध्ये आहे, याचा हा मोठा पुरावा होता. १९८१ मध्ये कॅनर गेले.

आज स्वमग्नतेशी संबंधित शंभरहून जास्त जनुकं माहीत आहेत. गंमत म्हणजे कॅनर यांनी टिपलेल्या मोठ्या डोक्यांचा धागाही त्यात सापडतो. ‘सीएचडी८’ नावाच्या जनुकात बिघाड असलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांचं डोकं मोठं असतं, बद्धकोष्ठ आणि झोपेच्या तक्रारी असतात. ‘शँक३’ जनुकात बिघाड असेल तर स्नायू ढिले पडतात, बोलणं फार उशिरा येतं किंवा येतच नाही. म्हणून तर दोन स्वमग्न मुलं एकसारखी नसतात. अनेक मुलांच्या तपासणीत एकच एक कारण सापडतही नाही. म्हणून रिपोर्टची वाट बघत बसू नका. वाचोपचार, ऑक्युपेशनल थेरपी लगेच सुरू करा.

आता मात्र एक नवीनच धोका आहे. जनुकांचं नाव काढलं की काही घरांत लगेच सुनेच्या माहेराकडे बोट दाखवलं जातं! त्यांना सांगा, काही बिघाड आईवडील दोघांतही नसतात, बीजात नव्यानेच घडतात. त्यातले बरेचसे तर वडिलांच्या बीजातून येतात. बाकीचे बारीकसारीक फरक दोन्ही घराण्यांतून येतात. त्यात गुन्हेगार कुणीच नाही. जे सत्य समजायला कॅनर यांच्यासारख्या विद्वानाला इतकी वर्षं लागली, ते आपल्या घरांनी तरी आता लवकर स्वीकारायला हवं. आईच्या डोक्यावरचं हे ओझं उतरलं, तर तिचे दोन्ही हात मुलासाठी मोकळे होतील.