विष्णू सीताराम सुकथनकर

डॉ. विष्णू सीताराम सुकथनकर (४ मे, १८८७ – २१ जानेवारी, १९४३) हे संस्कृतचे पंडित आणि पाठचिकित्सक होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे ते प्रमुख संपादक होते. ग्रंथातील प्रत्येक शब्दाचा आधार वाचकाला त्याच पानावर पडताळून पाहता यावा, अशी संदर्भ देण्याची काटेकोर पद्धत त्यांनी या आवृत्तीत रूढ केली. भारतातील ग्रंथसंपादनाच्या शास्त्राला त्यामुळे भक्कम पाया मिळाला.

शिक्षण व प्रारंभीचे कार्य

सुकथनकरांचा जन्म मुंबईत झाला. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात त्यांनी गणिताचे अध्ययन केले. त्यानंतर ते संस्कृतकडे वळले आणि जर्मनीत बर्लिन येथे हाइनरिश ल्यूडर्स यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले. शाकटायनाच्या व्याकरणावरील त्यांचा प्रबंध १९२१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. भारतात परतल्यावर काही काळ ते पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागात होते. त्या काळात त्यांनी शिलालेख व ताम्रपटांचे वाचन करून 'एपिग्राफिया इंडिका'मध्ये लेख लिहिले. भासाच्या नावावर असलेल्या नाटकांचाही त्यांनी सखोल अभ्यास केला आणि 'स्वप्नवासवदत्त' या नाटकाचे इंग्रजी भाषांतर केले.

महाभारत प्रकल्पाची पार्श्वभूमी

महाभारताच्या कलकत्ता, मुंबई व कुंभकोणम् येथे छापलेल्या आवृत्त्या प्रचारात होत्या. त्यांतील श्लोकसंख्या, अध्यायांची विभागणी आणि श्लोकांचे क्रमांक जुळत नसत. एका अभ्यासकाने दिलेला संदर्भ दुसऱ्याला आपल्या प्रतीत शोधताना अडचण येई. मुंबईच्या आवृत्तीत नीलकंठ चतुर्धरांच्या 'भारतभावदीप' या टीकेसह आलेला पाठ होता. नीलकंठांचे घराणे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कोपरगावचे. सतराव्या शतकात काशीत राहून त्यांनी निरनिराळ्या प्रांतांतील पोथ्या पाहिल्या व त्यांवरून आपला पाठ सिद्ध केला. मात्र कोणता पाठ कोणत्या पोथीतून घेतला, हे त्यांच्या टीकेवरून सर्वत्र कळत नाही.

चिकित्सक आवृत्तीची मागणी युरोपात विंटरनिट्झ यांनी लावून धरली होती. ल्यूडर्स यांनी १९०८ साली तिचा एक छोटा नमुनाही छापला. परंतु पहिल्या महायुद्धामुळे ते काम मागे पडले. पुण्यात १९१७ साली स्थापन झालेल्या भांडारकर संस्थेने १९१९ साली हे कार्य हाती घेतले. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यासाठी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली. ना. बा. उटगीकर यांनी संपादित केलेले विराटपर्व १९२३ साली नमुन्यादाखल प्रसिद्ध झाले. १९२५ साली सुकथनकर प्रमुख संपादक झाले.

पाठ व संदर्भ यांची पद्धत

सुकथनकरांनी पोथ्यांची विभागणी प्रथम लिपीनुसार केली. शारदा, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा प्रत्येक लिपीतील पोथ्यांना रोमन आद्याक्षर आणि क्रमांक दिला. काश्मिरी परंपरेशी जवळीक असलेल्या देवनागरी पोथ्यांचा गट वेगळा केला. नीलकंठ, अर्जुनमिश्र इत्यादी टीकाकारांच्या परंपरेतील पोथ्यांनाही स्वतंत्र संकेत दिले. त्यामुळे दोन-तीन अक्षरांवरून पोथीची लिपी, परंपरा आणि तिचे स्थान वाचकाला कळू लागले.

पोथ्या ताडून पाहण्यासाठी आखलेले कागद वापरत. वर श्लोक लिहून त्याखाली प्रत्येक पोथीतील भिन्न अक्षरे चौकटींत भरली जात. पुण्याप्रमाणेच शांतिनिकेतन व तंजावर येथेही हे काम चाले. आदिपर्वाच्या पाठनिर्णयासाठी सुमारे ६० पोथ्यांचा आधार घेतलेला आहे.

छापील पानावर वरच्या भागात स्वीकारलेला पाठ आणि खाली पाठभेद अशी मांडणी असे. उत्तरेकडील व दक्षिणेकडील परंपरा जेथे एकमेकींवर अवलंबून नसताना जुळतात, तेथील पाठ जुना मानावा, हे त्यांचे मुख्य सूत्र होते. जेथे निर्णय पक्का नसेल, तेथे शब्दाखाली नागमोडी रेघ छापली जाई. मूळ पाठात न बसणाऱ्या ओळी ताराचिन्ह व क्रमांक देऊन तळटीपेत आणि मोठे भाग परिशिष्टात दिले जात. अशा प्रकारे वगळलेला मजकूरही क्रमांकाने उद्धृत करता येऊ लागला. समासात जुन्या आवृत्त्यांचे श्लोकक्रमांक दिल्याने पूर्वीच्या ग्रंथांतील संदर्भही निरुपयोगी झाले नाहीत.

या नियमांचा परिणाम लोकप्रिय कथांवरही झाला. व्यासांनी गणेशाला लेखक नेमल्याची कथा परिशिष्टात गेली. स्वयंवरात द्रौपदीने कर्णाला नाकारल्याच्या ओळी तळटीपेत गेल्या. मात्र दोन्ही ठिकाणी कोणत्या पोथ्यांत तो मजकूर आहे व कोणत्यांत नाही, हे नोंदवलेले असल्यामुळे संपादकाचा निर्णय तपासण्याचे साधन वाचकाच्या हाती राहिले.

आक्षेप व पडताळणी

आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ साली निघाला आणि १९३३ साली विस्तृत प्रस्तावनेसह ते पर्व पूर्ण झाले. फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी मूळ पाठ शोधण्याचा प्रयत्न सोडून प्रचलित पाठच पाठभेदांसह छापावा, असे सुचवले होते. सुकथनकरांनी प्रस्तावनेत त्याचा परामर्श घेतला. आपण व्यासांचा मूळ ग्रंथ परत मिळवल्याचा दावा त्यांनी केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे पोहोचता येईल तेवढा प्राचीन पाठ देणे, एवढीच त्यांची मर्यादित भूमिका होती. पुढे आदिपर्वाची एक जुनी पोथी नेपाळातून उपलब्ध झाली. तिच्या वाचनाने त्यांच्या अनेक निर्णयांना दुजोरा मिळाला. या पोथीवर त्यांनी स्वतंत्र लेख लिहिला.

अखेरची वर्षे व वारसा

आरण्यकपर्वाचे संपादनही सुकथनकरांनीच केले. ते १९४२ साली पूर्ण झाले. याच सुमारास मुंबई विद्यापीठाच्या वतीने महाभारताच्या अर्थावर त्यांची व्याख्यानमाला सुरू होती. ती पूर्ण होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. या व्याख्यानांचे पुस्तक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने १९५७ साली प्रकाशित केले. त्यांचे संशोधनलेख प. कृ. गोडे यांनी स्मृतिग्रंथाच्या रूपाने संपादित केले.

त्यांच्यानंतर श्री. कृ. बेलवलकर आणि प. ल. वैद्य यांनी प्रमुख संपादकपद सांभाळले. १९६६ साली १९ खंडांत ही आवृत्ती पूर्ण झाली आणि राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन् यांनी तिच्या पूर्ततेची घोषणा केली. एकूण १,२५९ पोथ्यांची या प्रकल्पात तपासणी झाली. आज जगभरच्या संशोधनलेखांत महाभारतातील श्लोकाचा निर्देश बहुधा याच आवृत्तीच्या पर्व, अध्याय व श्लोक या क्रमांकांनी केला जातो.