ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्स

मराठी भाषेच्या थोरवीचा विषय निघाला म्हणजे ज्ञानेश्वरांच्या पाठोपाठ एका इंग्रज धर्मोपदेशकाचे नाव हटकून घेतले जाते. रत्ने, फुले, सुगंध, पक्षी यांतील जे जे श्रेष्ठ, त्याच्या पंक्तीला मराठीस नेऊन बसविणाऱ्या त्यांच्या ओव्या आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केल्या असतील. परंतु त्या चारदोन ओव्यांपलीकडे हा पुरुष कोण होता, कोठून आला आणि त्याचा ग्रंथ कोणी जपला, हे फारसे सांगितले जात नाही. स्वदेश सोडून चाळीस वर्षे परमुलखात काढलेल्या या ग्रंथकाराचे चरित्र, नोकरी-धंद्यानिमित्त राजस्थानात स्थिरावलेल्या आपणा मंडळींपुढे मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी ठेवावे, असे आम्हांस वाटले.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात बुश्टन या गावी एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. तो काळ इंग्लंडात धर्मकलहाचा होता. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक पंथाचे उघड आचरण करणे संकटास आमंत्रण देण्यासारखे होते. स्टीफन्स यांचे जिवलग मित्र थॉमस पाउंड यांच्यासह रोमला जाऊन जेझुइट संघात प्रवेश करावा, असा दोघांचा बेत होता. परंतु पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची तीसएक वर्षे बंदिवासात गेली. स्टीफन्स एकटेच निसटले व १५७५ मध्ये रोम येथे जेझुइट झाले. स्वतःच्या धर्मासाठी मायभूमीस पारखा झालेला हा तरुण होता, ही गोष्ट पुढील हकीकत वाचताना ध्यानात ठेवावी.

४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन बंदर सोडले आणि २४ ऑक्टोबर रोजी ते गोव्यास उतरले. भारतात येऊन कायमचा राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहास त्यांची नोंद करतो. प्रवासाची साद्यंत हकीकत त्यांनी वडिलांस पत्राने कळविली. ते पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले. ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना त्यानंतर एकवीस वर्षांनी झाली. १५८३ मध्ये राल्फ फिच आदी इंग्रज व्यापारी गोव्यात कैद झाले, तेव्हा त्यांना जामीन मिळवून देण्यास स्टीफन्सच धावून गेले. हेच फिच पुढे उत्तरेस अकबराच्या फत्तेपूर शिक्रीपर्यंत पोहोचले.

स्टीफन्स आले तेव्हा गोवा शहरात सेंट कॅथेरिनच्या भव्य कॅथेड्रलचे काम चालू होते. आल्फोन्सो द आल्बुकर्कने १५१० मध्ये सेंट कॅथेरिनच्या सणाच्या दिवशी गोवे जिंकले, त्या विजयाचे हे स्मारक. १५६२ मध्ये आरंभलेले हे काम स्टीफन्स यांच्या सबंध गोवावासात चाललेलेच होते. एकीकडे असे प्रार्थनामंदिर उभे राहत असताना दुसरीकडे देवळे पडत होती. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन नावाचे धर्मन्यायालय स्थापन झाले. साष्टी महालातील, म्हणजे मडगावच्या आसपासच्या मुलखातील, देवळे १५६७ मध्ये पाडण्यात आली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास भक्तांनी नेऊन ठेवली. अनेक कुटुंबे दक्षिणेकडे निघून गेली.

याच साष्टीत स्टीफन्स यांनी आपले बहुतेक आयुष्य धर्मकार्यात वेचले. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांस ठार मारले. त्यांत अकबराच्या दरबारातून नुकतेच परतलेले रुदोल्फ आक्वाविवा होते. त्यानंतर बोलणी करावयाच्या मिषाने गावच्या प्रमुखांस असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांची हत्या करण्यात आली. दोन्ही बाजूंचे हे रक्त स्टीफन्स यांच्या कार्यक्षेत्रातच सांडले. ज्या सत्तेच्या छत्राखाली ते काम करीत होते, तिचे कृत्य त्यांच्या ओव्यांच्या गोडीने झाकता येत नाही. तसेच त्या कृत्यामुळे त्यांच्या ओव्यांची गोडीही नाकारता येत नाही. चरित्र लिहिणाऱ्याने दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत, असे आमचे मत आहे.

लोकांच्या भाषेकडे मात्र त्यांनी आरंभापासून आदराने पाहिले. १५८३ मध्येच भावास लिहिलेल्या पत्रात त्यांनी इकडील भाषांची घडण ग्रीक व लॅटिनशी जुळते, असे नमूद केले. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृतविषयी हाच विचार जगापुढे मांडला तो १७८६ मध्ये, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षांनी. त्यांनी बोलीसाठी कोकणीचा आणि ग्रंथासाठी मराठीचा अभ्यास केला. घराघरांतील व्यवहार कोकणीत, तर पुराण-कीर्तन मराठीत, अशी त्या वेळी गोव्यात रीत होती. म्हणून धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरे त्यांनी कोकणीत लिहिली आणि कोकणीचे व्याकरणही रचले. परंतु येशूचे चरित्र गावयाचे तेव्हा मराठी ओवी हाती घेतली.

हे कारण समजण्यासारखे आहे. नवख्रिस्ती झालेल्या कुटुंबांच्या हातून जुनी पुराणे काढून घेतली गेली होती. पण पुराण ऐकण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय कशी जाणार? ती भूक स्टीफन्स यांनी ओळखली. एकनाथांचे भागवत १५७३ मध्ये पुरे झाले होते आणि ओवी हा छंद कथनास सर्वमान्य होता. स्टीफन्स यांनी त्याच छंदात सुमारे ११ हजार ओव्यांचा ग्रंथ रचला. त्याचे दोन भाग आहेत : पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशू ख्रिस्ताचे जन्म, उपदेश, मरण व पुनरुत्थान. अध्यायाला त्यांनी ‘अवस्वर’ म्हटले आहे आणि स्वर्गाला वैकुंठ. कथा यहुदी देशाची, श्रद्धा रोमची, परंतु ऐकणाऱ्यास कोणी आपल्याच ओसरीवर बसून पोथी सांगत आहे असे वाटावे, अशी तिची भाषा आहे. अधूनमधून कोकणी शब्द येतात, त्यांनी तिला मातीचा वास येतो.

हा ग्रंथ १६१६ मध्ये साष्टीतील राशोल येथे छापला गेला. त्या वेळी तुकोबा आठ वर्षांचे होते. अक्षरे मात्र रोमन होती. १६०८ मध्ये स्टीफन्स यांनी रोमच्या वरिष्ठांस पत्र लिहून या देशाच्या भाषेत व लिपीत पुस्तके छापावीत, अशी आपली बहुत दिवसांची इच्छा कळविली होती. अडचण साच्यांची होती. युरोपात चोवीस अक्षरांचे साचे पुरत, तर इकडील अक्षरांस काना, मात्रा, जोडाक्षरे धरून सहाशेच्या घरात साचे लागतील, असा हिशेब होता. आपण बगरूकरांस ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. येथील छिपा कारागीर एकाच नक्षीतील रंगारंगासाठी निराळा लाकडी ठसा कसा कोरून घेतात, हे आपण पाहतोच. ते साचे स्टीफन्स यांच्या हयातीत काही झाले नाहीत. मराठी पुराण परक्या अक्षरांच्या वेषात लोकांपुढे गेले.

१६१९ मध्ये त्यांचे गोव्यातच देहावसान झाले. मायदेश त्यांनी पुन्हा पाहिला नाही. त्याच वर्षी कॅथेड्रलचे मुख्य बांधकाम पुरे झाले. त्यांची कोकणी प्रश्नोत्तरे १६२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचे कोकणी व्याकरण इतर पाद्र्यांनी वाढवून १६४० मध्ये छापले. पुराणाच्या पुढील आवृत्त्या १६४९ व १६५४ मध्ये निघाल्या. मग वारे फिरले. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने देशी भाषा टाकून पोर्तुगीज स्वीकारण्याचा हुकूम काढला. त्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज सापडत नाही.

मग ग्रंथ वाचला कसा? गोवा सोडून कानडी मुलखात, मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो वाचविला. त्यांनी हातांनी प्रती उतरल्या आणि त्या जपल्या. त्या हस्तलिखितांच्या आधारे १९०७ मध्ये जोसेफ साल्डाना यांनी मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापला, तोही रोमन लिपीतच. पुढे लंडनमधील मार्सडेन संग्रहात देवनागरी लिपीतील एक हस्तलिखित असल्याचे आपल्या संतचरित्रांचे अभ्यासक जस्टिन ॲबट यांना आढळले. १९५६ मध्ये पुणे येथे शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा पहिल्या छपाईस ३४० वर्षे होऊन गेली होती.

जुन्या गोव्याचे कॅथेड्रल आजही पाहावयास मिळते. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा उभारला गेला नाही. त्या वास्तूच्या पाठीशी राजाचा खजिना होता. पुराणाच्या पाठीशी अखेरीस राजा नव्हता, छापखाना नव्हता, स्वतःची भूमीही नव्हती. होती ती घरे सोडून आलेली काही कुटुंबे. सभोवती कन्नड व तुळू बोलणाऱ्यांची वस्ती, तरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी मराठी ओव्यांची वही टाकली नाही.

आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांकडे पाहताना आम्हांस त्या वह्या आठवतात. आपली मुले घराबाहेर हिंदी व ढुंढाडी बोलतात, शाळेत इंग्रजी शिकतात. त्यात गैर काही नाही, स्टीफन्सही परकी भाषा शिकूनच थोर झाले. परंतु घरातील वही जपण्याचे काम कोणी पाद्री वा सरकार करीत नसते. गणेशोत्सवातील आरती, आजीने सांगितलेली गोष्ट, मंडळाच्या कपाटातील पुस्तके, हीच आपली हस्तलिखिते होत. ती पुढच्या पिढीच्या हाती देणे आपणाकडेच आहे.