हात धुवायला सांगणारा माणूस

सकाळी घोट्याशी असलेली सूज संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चढते. कातडी जेमतेम लाल दिसते, पण आत स्नायूंवरचं आवरण सडत असतं. वेदना मात्र जखमेच्या मानाने कैकपट. या जिवाणूसंसर्गाला नेक्रोटायझिंग फॅसिआयटिस म्हणतात. इथे हिशेब तासांचा असतो. प्रतिजैविकं हवीतच, पण सडलेला भाग तातडीने कापून काढावाच लागतो. उमेदीच्या काळात अशा एका रुग्णाबाबत मी सकाळपर्यंत वाट पाहू म्हणालो होतो. सकाळी फार उशीर झाला होता. तेव्हापासून मला इग्नाझ सेमेलवाइस जवळचा वाटतो.

१८१८ साली हंगेरीतल्या बुडा शहरी एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी तो जन्मला. व्हिएन्नाला कायदा शिकायला गेला आणि वैद्यकाकडे वळला. १८४६ मध्ये तिथल्या मोठ्या सरकारी इस्पितळात प्रसूती विभागाचा साहाय्यक झाला. तिथे दोन विभाग होते. सुइणी शिकत त्या विभागात मृत्यू कमी. डॉक्टर शिकत तिथे बाळंतज्वराने बायका पटापट जात. या विभागात नको, म्हणून त्या गयावया करत.

मार्च १८४७ मध्ये त्याचा मित्र, प्राध्यापक कोलेच्का, शवविच्छेदनात बोटाला सुरी लागून दगावला. त्याच्या शरीरात दिसलं ते त्या बायकांच्या शरीरासारखंच. सेमेलवाइसला उलगडा झाला. शवागारातून थेट बाळंतिणीकडे येणारे डॉक्टरांचे हातच मृत्यू वाहून आणत होते. मे महिन्यात त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये शेकडा अठराच्या घरात असलेले मृत्यू जूनमध्ये दोनच्या आसपास आले.

तरीही बहुतेक बड्या डॉक्टरांना ते पटेना. आपल्याच हातांनी माणसं मेली, हे मान्य कोण करणार? सेमेलवाइसने केलं. आपल्यामुळे किती बायका गेल्या याची गणती नाही, अशी कबुली त्याने १८६१ च्या ग्रंथात दिली. पुढे त्याची पत्रं कडवट होत गेली, मन ढळलं. १८६५ च्या जुलैअखेर त्याला फसवून व्हिएन्नातल्या वेड्यांच्या इस्पितळात नेलं. दोन आठवड्यांत, १३ ऑगस्टला, जखम सडून विष रक्तात भिनल्याने तो गेला. वय ४७. आदल्याच दिवशी ग्लासगोत लिस्टरने एका मुलाच्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक आम्ल वापरलं होतं.

बाळंतज्वराचा एक मुख्य जिवाणू, स्ट्रेप्टोकोकस, फॅसिआयटिसच्याही मुळाशी अनेकदा असतो. त्याच्याशी लढायची साधनं माझ्या हाती सेमेलवाइसपेक्षा कितीतरी अधिक होती. चूक कबूल करायचं धैर्य मात्र मला त्याच्याकडूनच उसनं घ्यावं लागलं.