शिकलगारांच्या घरातला तंबोरा

रमजानमध्ये हलाल कमाईचा विषय निघाला की हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांची आठवण हमखास निघते. ते अल्लाहचे पैगंबर, शिवाय बादशहा. तरीही स्वतःच्या हातांनी केलेल्या कामाच्या कमाईवरच ते गुजराण करीत. अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले होते आणि ते चिलखते बनवीत. त्याच दाऊद अलैहिस्सलाम यांचा गळा असा की त्यांच्या तस्बीहमध्ये डोंगर आणि पाखरेही सामील होत.

लोखंड आणि सूर एकाच घरात नांदल्याचे एक उदाहरण आपल्या मिरजेत आहे. ते घर फरीदसाहेबांचे. आज जगभर जाणाऱ्या मिरजेच्या सतारी आणि तंबोरे यांची सुरुवात त्यांच्यापासून मानली जाते.

फरीदसाहेब जातीने शिकलगार. सैकल म्हणजे हत्याराला धार लावणे, झळाळी आणणे, आणि ते करणारा तो सैकलगर, म्हणजेच शिकलगार. तलवारी, कट्यारी, भाले दुरुस्त करणे हा त्यांचा पिढीजात हुनर. मिरज म्हणजे पटवर्धन सरदारांचे ठाणे, भक्कम भुईकोट किल्ला, पदरी फौज. अशा गावात शिकलगाराच्या सहाणेला कधी उसंत नसायची.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. १८२० मध्ये मिरजेच्या जहागिरीचे चार वाटे झाले. लढाया संपल्या, फौजा घटल्या, इंग्रजी अंमल पक्का झाला. तलवार दसऱ्याच्या पूजेपुरती उरली, आणि वर्षातून एकदा पुजल्या जाणाऱ्या तलवारीला धार लावून कोणाचे घर चालणार? विळ्या, अडकित्ते, कात्र्या, न्हाव्याचे वस्तरे एवढीच कामे राहिली. त्यावर मीठभाकरी सुटेल, पण मुलाबाळांच्या संसारात पुरे पडणे कठीण. सैनिकांचे हाल इतिहासात लिहिले जातात, त्यांच्या हत्यारांवर जगणाऱ्यांचे कोणी लिहीत नाही.

याच काळात, १८५० च्या सुमारास, फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू मोईनुद्दीन यांनी वाद्यांच्या कामाला हात घातला. पटवर्धन संस्थानिक गाण्याचे शौकीन. दरबारात गवयांची ये-जा असे. तंबोऱ्याचा भोपळा तडकला, खुंटी सैल झाली, घोडी झिजली, तर गावात दुरुस्त करणारे कोणी नव्हते. मिरजेत सांगतात ते असे, की दुरुस्तीला आलेली वाद्ये उघडून, त्यांची जोडणी न्याहाळत हे दोघे भाऊ शिकले, आणि दुरुस्ती साधल्यावर नवे वाद्य घडवू लागले. धार लावायची सहाण एका दिवसात बंद झाली नसणार. आधी हे जोडकामच असेल, घराला चार पैशांचा आधार म्हणून.

हे काम हाताच्या किती ताब्याचे आहे, ते पाहिल्याशिवाय कळत नाही. तंबोऱ्याचा भोपळा खायचा नव्हे, कडू. आजही तो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतो. वेलीवर पूर्ण पिकलेला, जाड सालीचा, गोल गरगरीत असाच निवडावा लागतो. तो महिनोन्‌महिने वाळवायचा, कापायचा, पाण्यात भिजवून नरम करायचा, तोंड फाकवून आत काटक्यांचा ताण द्यायचा आणि त्या आकारात पुन्हा सुकू द्यायचा. घाई केली तर तडकतो. मग तून लाकडाची दांडी, गळ्याचा सांधा, वर तबली, सगळे सरसाने चिकटवायचे. कोरीव नक्षी, रंग, पॉलिश. खुंट्या अशा बसवायच्या की फिरवताना अडू नयेत आणि सोडल्यावर घसरू नयेत.

आणि शेवटी जवारी. तंबोऱ्याच्या घोडीचा वरचा भाग सपाट दिसतो, पण त्याला अगदी सूक्ष्म उतार असतो. तार त्या उताराला ओझरती स्पर्श करते म्हणून झंकार उठतो. कानशीने एक घास जास्त गेला की आवाज बसलाच. तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधायची, कान लावून ऐकायचे, पुन्हा घासायचे. माझ्या मते फरीदसाहेबांना त्यांचा जुना हुनर इथेच कामी आला असावा. पात्याची धार बोटाने आणि नजरेने ओळखणाऱ्याला हा उतार परका वाटला नसेल.

इस्लाममध्ये संगीताविषयी मतभेद आहेत, आणि ते आजचे नाहीत. फरीदसाहेबांच्या गावात मात्र मिरासाहेबांचा दर्गा आणि गाणे यांचे नाते जुने आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच दर्ग्यात हजेरी लावून गात. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले, दफनही याच आवारात झाले. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात आजही गायक-वादक सेवा रुजू करायला येतात. साथीला अर्थात मिरजेचाच तंबोरा.

जोडकामाचा मुख्य धंदा व्हायला काळ अनुकूल ठरला. शेजारच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्येच नाटकाचा खेळ केला होता. पुढे संगीत नाटके आली, नाटक मंडळ्या गावोगाव फिरू लागल्या. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवू लागले. त्यांच्याकडे शिकलेले विष्णू दिगंबर पलुस्कर १८९६ मध्ये मिरजेतून बाहेर पडले आणि १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. दरबारात गायले जाणारे गाणे शाळेत आणि मध्यमवर्गीयांच्या घरात गेले. प्रत्येक नव्या शिष्याला तंबोरा हवा होता. पाहुणेरावळे, भाऊबंद या कामात आले. घराच्या पडवीत कोणी भोपळे घासतोय, कोणी खुंट्या कातरतोय, कोणी नक्षी भरतोय, अशी कामाची वाटणी झाली. एका घराची गल्ली झाली आणि शिकलगार हे आडनाव मागे पडून सतारमेकर हे नाव रूढ झाले.

मला यात मोठी वाटते ती एक गोष्ट. दोघा भावांनी हे ज्ञान आपल्या चुलीपुरते ठेवले असते तर मिरजेत एक दुकान झाले असते, बाजारपेठ झाली नसती.

सहा-सात पिढ्या झाल्या. आता यंत्रावरचा तंबोरा मोबाईलमध्ये मिळतो. चांगला भोपळा आणि लाकूड महाग झाले आहे. एका वाद्यामागे दिवसच्या दिवस बसण्यापेक्षा ठरलेल्या पगाराची नोकरी तरुण मुलांना बरी वाटते, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? फरीदसाहेबांनीही चालत नसलेला पिढीजात धंदाच बदलला होता. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेचे नाव लावून दुसरीकडचा माल विकण्याला त्यामुळे कायद्याने आळा घालता येतो. पण नवा हात तयार व्हायला अजूनही वर्षे लागतात, आणि जवारी तर पुस्तकातून शिकता येत नाही. ती अजूनही बापाशेजारी किंवा उस्तादाशेजारी बसून, कान लावूनच शिकावी लागते.